डाव्या कालव्याचा सोमवार

वैशाख महिनाभर दाराशी येईल त्याला पाणी दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही, असं व्रत मी एका वर्षी घेतलं होतं, आणि तिसऱ्याच दिवशी, अक्षय्य तृतीयेला, आमच्या मागच्या दाराशी डोहातली खडस पाणी मागायला आली.

खडस ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. सोनेरी पाठीचा, मोठमोठ्या खवल्यांचा मासा. आमच्या पिंपळडोह गावाला तिळाई नदी वळसा घालते, तिथल्या डोहात हे मासे राहतात. ते देवीचे, म्हणून आमच्याकडे त्यांना कोणी पकडत नाही. इतर गावांत देवी वेगळी आणि जाळी बारीक, त्यामुळे अख्ख्या नदीत खडस उरले ते आमच्याच डोहात, आणि तेही हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यातली ही एक. चांगली दीड हात लांब. दारात उभी राहून म्हणाली, "काकू, घोटभर पाणी मिळेल का?"

ती चालत कशी आली, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मी तिला विचारलं नाही. तहानलेल्याला आधी पाणी द्यावं, चौकशी मग करावी. शिवाय त्या दिवशी चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू होतं, कैरीची डाळ वाटायची राहिली होती, आणि मला मुळीच सवड नव्हती. तिने आधी तांब्या संपवला, मग कळशी, आणि मग विचारलं की हौदात बसलं तर चालेल का. मागच्या दारी आमचा धुण्याचा दगडी हौद आहे.

"बस की," मी म्हटलं. "फक्त साबणाचा कोपरा टाळ."

संध्याकाळी आळीतल्या बायका आल्या. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, हिलाही लावलं. भिजवलेले हरभरे तिने आवडीने खाल्ले. कैरीच्या डाळीत मीठ किंचित कमी आहे, असंही म्हणाली, आणि ते खरं होतं. बायका गेल्यावर माझं लक्ष तिच्या पोटाकडे गेलं.

"दिवस आहेत का गं तुला?"

"हो काकू. पहिलटकरीण आहे."

"मग माहेरी नाही का गेलीस?"

"आमच्यात माहेर नसतं. आई अंडी घालते आणि पुढे जाते. आम्हाला जन्मल्यापासून सासरच."

हे ऐकून मला राहवलं नाही. मला दोन मुलगे, दोघेही पुण्याला. ओटी भरून पाठवायला घरात लेक नाही. मी ट्रंकेतला हिरवा खण काढला, नारळ घेतला, पाच फळं घेतली आणि हौदाच्या कडेला पाट मांडून तिची ओटी भरली. पाच फळांनी भरलेली ती ओटी माहेरची झाली, हे माझ्या ध्यानात आलं नाही. तिच्या मात्र आलं. तिने खण परांखाली धरला आणि हळूच म्हणाली, "म्हणजे मी माहेरी आले म्हणायची, आई?"

आता यावर कोणती बाई नाही म्हणेल? मीन राशीची म्हणून मी तिचं नाव रेवती ठेवलं.

आमचे हे कालवे खात्यात पाटकरी आहेत. कालव्याचं पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं ते पाहायचं, बंधाऱ्यावरची गेटं खालीवर करायची, हे त्यांचं काम. दिवेलागणीला घरी आले, पाय धुवायला हौदाशी गेले आणि तसेच परत आले.

"हौदात कोण आहे?"

"रेवती."

"कोण रेवती?"

"आपली लेक."

हे पुन्हा गेले. टोपी काढून, वाकून त्यांनी नीट पाहिलं. "अगं, ही डोहातली खडस आहे."

"होती. आता माहेरी आली आहे."

"जावईबापूंना ठाऊक आहे का?"

"मला विचारा ना बाबा," हौदातून रेवती म्हणाली. "डोह आटला. सासूबाई, दीर, जावा आणि आमचे ते, सगळे वर देवराईतल्या कुंडात गेले. मला एवढा चढ झेपला नसता, म्हणून मी उतारावरचं घर पाहिलं. नदीचं गेट तुम्ही बंद केलंत ना?"

गावाच्या वर बंधारा आहे. त्याला दोन गेटं, एक नदीचं आणि एक डाव्या कालव्याचं. उन्हाळ्यात बागा जगवायच्या म्हणून खात्याने नदीचं गेट पूर्ण खाली घ्यायला सांगितलं होतं.

"मी नाही, खात्याने," हे म्हणाले. "मी फक्त चाक फिरवलं."

"चाक फिरवताना माझी आठवण झाली नसेल."

"तेव्हा तू आमची नव्हतीस गं," हे म्हणाले, आणि जेवायला बसल्यावर भात परत मागायचा विसरले.

रेवतीचे डोहाळे सोपे होते. उंबराची फळं, चुरमुरे, आणि पहाटे घागरभर ताजं पाणी. मी पोथी वाचायला बसले की ती हौदाच्या कडेला हनुवटी टेकवून ऐके. जागोजागी शंकाही काढी. देवाने पहिला अवतार माशाचा घेतला हे तिला माहीत होतं, पण पुढचे इतके घ्यायची काय गरज पडली, हे तिला समजत नव्हतं. मी म्हटलं, "मलाही नीट समजत नाही, पण त्याचं काही कारण असेल." तिला ते पटलं. हे रोज कामावरून येताना उंबरं आणत आणि मला न सांगता परस्पर तिला देत.

पण तिचं पोट जड होत चाललं होतं. एके दुपारी ती म्हणाली, "आई, अंडी वाहत्या पाण्यातच घालायला हवीत, डोहाच्या तोंडाशी गोटे आहेत तिथे. हौदाच्या पाण्यात पिल्लं जगत नाहीत. पौर्णिमेच्या आधी मला सासरी जायला हवं."

"मग ह्यांना सांगते, गोणपाटात गुंडाळून पोचवतील."

"न बोलावता कशी जाऊ?" रेवती म्हणाली. "तू ओटी भरलीस. माहेरवाशिणीला सासरहून न्यायला यावं लागतं. आपण होऊन गेले तर जावा जन्मभर बोलतील. आणि कोरड्या डोहात जाऊन करू काय?"

तिचं बरोबर होतं. ओटी मीच भरली होती. "न्यायला कोण येतं तुमच्यात?"

"माणूस येत नाही. पाणी येतं. दारापर्यंत."

दुसऱ्याच दिवशी खात्याचे शाखा अभियंता हातेकर साहेब गावात आले. सरळ माणूस, शर्टाच्या खिशाला पेन आणि डोक्यावर ओला रुमाल. खात्याचा नियम असा होता की नदीत मासे असतील तर नदीला पाणी सोडायचं, नसतील तर सगळं कालव्याला. नियम काही वाईट नव्हता. साहेब कोरड्या डोहात उतरले, सगळे खडक पाहिले, एकही मासा दिसला नाही. ह्यांनी त्यांना चहाला घरी आणलं आणि हौदाशी नेलं.

साहेबांनी रेवतीला नमस्कार केला. "आपण नदीत राहता का?"

"सासर तिथलं आहे."

"सध्या मुक्काम?"

"माहेरी."

"मग नदीत मासा नाही, असंच मला म्हणावं लागेल. आपण डोहात हजर असता तर आजच पाणी सुटलं असतं."

"पाणी सुटलं की मी हजर होईन."

"आपण हजर झालात की पाणी सुटेल."

 बोलणं कुठेच अडत नव्हतं, फक्त पुढे जात नव्हतं. मी साहेबांच्या बशीत आणखी एक थालीपीठ वाढलं.

"साहेब, तुमच्या मिसेस बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या का?" मी विचारलं.

"हो. नागपूरला."

"तेव्हा तुमच्या घरी बायको नाही, असं कोणी म्हणालं का?"

साहेबांनी थालीपीठ खाली ठेवलं. पुष्कळ विचार केला. "नाही," ते म्हणाले. "रेशन कार्डावर नाव तसंच होतं." मग रेवतीकडे वळून म्हणाले, "आपण नदीच्याच. तात्पुरत्या बाहेरगावी. हे मला मान्य आहे. पण वहिनी, आता अडचण दुसरी आहे. पाणी आहे तेवढंच आहे. नदीला सोडलं तर ते कालव्यातून कमी होणार, आणि कालव्याच्या शेवटाला बाबाजी येरुणकर बसले आहेत."

बाबाजी येरुणकरांना बोलवावं लागलं नाही. साहेबांची जीप पाहून ते निघालेच होते. केळीची मोठी बाग, मोठा आवाज, आणि उन्हात आले की दोन्ही आणखी मोठे होतात. अंगणातूनच म्हणाले, "कुमुदवहिनी, तुमची लेक सासरी जायची म्हणून माझ्या केळीने माना टाकायच्या का? माझी चार हजार झाडं आहेत. तीही माझी लेकरंच."

"या काका," हौदातून रेवती म्हणाली. "उन्हातून आलात. आई, काकांना पन्हं दे."

बाबाजी जरा थबकले. गावात त्यांना सगळे शेठ म्हणतात. त्यांना काका म्हणणारं कोणी उरलेलं नाही. ते हौदाच्या कडेवर टेकले, पन्हं घेतलं आणि आवाज निम्म्यावर आणून म्हणाले, "तुझ्याशी माझं वैर नाही पोरी. पण पाणी नसेल तर केळ उभ्या उभ्या मरते."

"खरं आहे," रेवती म्हणाली. "मीही."

 हे टोपीची घडी घालत होते आणि मोडत होते. मला दोघांचंही पटत होतं. केळीही जगायला हवी आणि रेवतीही. देवापुढे बसल्यावर मी नेहमी दोन्ही मागते, एकाला सोडून दुसरं मागायची मला सवय नाही.

"बाबाजी," मी विचारलं, "तुमचा खालच्या अंगाचा तुकडा कसा आहे?"

"त्याचं नाव काढू नका. चोपण झालाय. पाणी साचून साचून जमिनीवर पांढरं फुललंय. तिथे आता गवतही धरत नाही."

"म्हणजे कालव्याला अपचन झालंय."

साहेबांनी मान वर केली.

"रोज उठून पोटभर पिणार, आठवड्याचा एकही दिवस खाडा नाही," मी म्हटलं. "माणसाचंही पोट बिघडेल. वाटेत किती ठिकाणी पाझरतो, मागच्या वर्षी दोनदा फुटला. साहेब, तुमचा कालवा उपवास करतो का?"

"तशी पद्धत नाही."

"एखादा वार धरला तर काय हरकत आहे? सोमवार अर्ध्या दिवसाचा असतो. सकाळपासून काही घ्यायचं नाही, दिवेलागणीला सोडायचा. तेवढा वेळ कालव्याचं गेट खाली, नदीचं गेट वर. डोह एकदा भरला की आठवडा काढतो, सोमवारच्या सोमवार ताजं पाणी मिळालं की झालं. रेवती, पुरेल ना?"

"रोजची वरात नकोच आहे मला," रेवती म्हणाली. "आठवड्याला पाठ भिजली की पुरे."

"आणि माझी केळ?" बाबाजींनी विचारलं.

"काका, एक दिवस मुळांना हवा लागेल. चोपण तुकडाही सुधारेल. शिवाय सोमवारी लोक केळी किती खातात ते पाहा. केळीच्या जीवावर सगळं गाव उपवास करतं, मग केळीने एक उपवास करू नये?"

बाबाजी बराच वेळ मिशी कुरवाळत होते. "मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मी हो म्हणून काय होतं? उपवास कालव्याने करायचाय. त्याला विचारलंय का?"

हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नवऱ्याला बायकोच्या नावाने उपवास धरता येत नाही, तसा खात्याला कालव्याच्या नावाने धरता येणार नाही, हे साहेबांनाही पटलं. आम्ही चौघं बंधाऱ्यावर गेलो. रेवतीला पाटीत घालून ह्यांनी डोक्यावर घेतलं होतं. साहेबांनी ओला रुमाल खिशात ठेवला, घसा साफ केला आणि कालव्याला सगळी हकिकत क्रमाने सांगितली. बाबाजींनी मधून मधून पुस्ती जोडली.

कालवा सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मला खणल्यापासून आजवर कोणी काही विचारलं नव्हतं."

"म्हणून विचारतोय," साहेब म्हणाले.

"सोमवार कोणाचा?"

"महादेवाचा," मी सांगितलं.

"त्याच्या डोक्यावर नदी असते म्हणतात."

"असते."

"मग धरतो," कालवा म्हणाला. "फराळाला काय चालेल?"

साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "गेटाच्या फटीतून पाझरेल तेवढं," हे म्हणाले. कालव्याला ते पुरेसं वाटलं.

सोमवारी सकाळी मी न्हाऊन बंधाऱ्यावर गेले, कालव्याच्या तोंडाशी बेल वाहिला आणि त्याला संकल्प सांगितला. त्याने तो माझ्यामागे नीट म्हटला, एके ठिकाणी अडखळला तेवढंच. मग ह्यांनी कालव्याचं गेट खाली घेतलं. नदीच्या गेटाचं चाक बऱ्याच दिवसांत फिरलं नव्हतं, ते बाबाजींनी हात लावल्यावर हललं.

मी धावतच घरी आले, कारण पाहुणे यायचे होते. अंगण सारवून रांगोळी काढली. रेवती हौदात तयार होऊन बसली होती, कपाळावर कुंकू, पाठीवर हिरवा खण. थोड्या वेळाने घाटाच्या पायऱ्यांवर आवाज आला. तिळाईचं पाणी एकेक पायरी चढत वर आलं, आमच्या मागच्या दाराच्या वाटेला लागलं आणि उंबऱ्याशी येऊन थांबलं. आत आलं नाही. रांगोळीलाही त्याने वळसा घातला. चांगल्या घरचं होतं.

आलेल्या पाहुण्याला गूळपाणी द्यायची आमच्याकडे रीत आहे. पाण्याला पाणी द्यावं की नाही, याचा मी क्षणभर विचार केला. मग माझं व्रत आठवलं आणि तांब्या पुढे केला. त्याने तो घेतला. गुळाचा खडाही घेतला, आणि बघता बघता विरघळवला.

"लेकीला न्यायला आलो," पाणी म्हणालं. "सगळी माणसं कुंडातून खाली उतरली आहेत. सासूबाई गोटे घासून ठेवताहेत."

मी रेवतीची पुन्हा ओटी भरली. दहीभाताची शिदोरी केळीच्या पानात बांधली. बाबाजींनी घड आणला होता, तो उचलून न्यायला तिला हात नव्हते, म्हणून पाण्यानेच तो पुढे घेतला. हातेकर साहेब एवढ्यासाठी मुक्काम वाढवून राहिले होते. ते लांब पेरूच्या झाडाखाली उभे होते, पण निरोपाच्या वेळी पुढे आले आणि म्हणाले, "पोचलात की कळवा. म्हणजे मला मासा आहे असं म्हणता येईल."

"कळवीन," रेवती म्हणाली. मग ह्यांच्याकडे वळली. "बाबा, पुढच्या सोमवारी चाक फिरवाल ना?"

"फिरवीन," हे म्हणाले. "आता तू आमची आहेस." आणि मग त्यांनी डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सांगितलं. आमच्याकडे त्या दिवशी वारा नव्हता.

ती उंबऱ्यावरून पाण्यात उतरली. खण तिच्या पाठीवर तसाच राहिला. पाणी तिला घेऊन आल्या वाटेने मागे फिरलं, पायरी पायरीने उतरलं, आणि खाली वळणावर डोह भरून उभा होता तिथे गेलं. मी घाटावर उभी राहिले. दुसऱ्या काठाजवळ पाच-सहा सोनेरी पाठी एकदम वर आल्या, मधे एक हिरवी दिसली, आणि सगळ्या मिळून गोट्यांच्या बाजूला गेल्या. लेक सासरी पोचली की आईला जसं वाटतं तसं मला वाटलं. पहिल्यांदाच वाटलं, म्हणून मी ते बराच वेळ वाटू दिलं.

दिवेलागणीला आम्ही कालव्याचा उपवास सोडला. वरणभात, वर तूप, आणि बाबाजींचं एक केळं. ह्यांनी गेट वर घेतलं. कालवा आधी हळूहळू प्यायला, मग नेहमीसारखा. म्हणाला, अंग हलकं वाटतंय.

पौर्णिमेला पहाटे डोहाकडून निरोप आला. पिल्लं इतकी झाली होती की सासूबाईंना नावं पुरेनात. मी पंचांग पाठवलं. साहेबांनी येऊन स्वतः पाहिलं, आणि खात्याला कळवलं की नदीत मासे आहेत, बारशाला गेलो होतो. बाबाजींच्या चोपण तुकड्यात या वर्षी ताग उगवला. पलीकडच्या खोऱ्यातल्या उजव्या कालव्याने हे ऐकून गुरुवार धरला आहे, तो मात्र पूर्ण दिवसाचा, कारण त्याचा स्वभावच कडक आहे.

तर बायांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या गावाला नदी असेल, आणि तिचं पाणी कालवा, पाट, पंप, कोणीही नेत असेल, तर एकदा त्याच्याजवळ जाऊन बसा. रागावून बोलू नका, त्याच्या मागेही कोणाच्या केळी असतात. वार त्यालाच निवडू द्या. अर्ध्या दिवसाचा चालतो. सकाळी संकल्प सांगा आणि संध्याकाळी गरम वरणभाताने सोडवा. पहिल्या दिवशी दुपारकडे तो थोडा कुरकुरेल. कुरकुरू द्या. पहिल्या उपवासाला सगळेच कुरकुरतात.